काना झिजलेला कळफलक



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मधे लिहिणं थांबलं त्याचं कारण घरगुतीच. आमची सोसायटी अखेर पुनर्विकासाला गेली. मालाड पश्चिमेची ही तीन मजली, लिफ्ट नसलेली इमारत. उभा संसार इथे झाला. आता दोन-तीन वर्षं भाड्याच्या जागेत काढायची, आणि मग (देवाची इच्छा आणि बिल्डरची कृपा असेल तर) पुन्हा इथेच, पण आभाळात कुठेतरी. भाड्याची जागा आत्ताच्या जागेपेक्षा लहान. तेव्हा प्रत्येकाने आपापलं सामान निम्म्यावर आणायचं असा ठराव घरात झाला. ठराव सूनबाईंनी मांडला, चिरंजीवांनी अनुमोदन दिलं, आणि माझं मत विचारायच्या आधीच तो एकमताने संमत झाला.

माझं सामान म्हणजे पुस्तकं आणि कळफलक. पुस्तकांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, निवृत्त मास्तराच्या घरी ती असायचीच. पण कळफलक, म्हणजे संगणकाचे जुने की-बोर्ड, हे प्रकरण कुणाला समजावून सांगता येत नाही. मोजले तर चौतीस निघाले. पलंगाखाली, माळ्यावर, आणि दोन चक्क देवघराच्या खालच्या कप्प्यात. "बाबा, यातला एक तरी चालतो का?" असं सूनबाईंनी विचारलं. मी म्हटलं, बरेचसे चालतात. "मग चालवायला संगणक कुठेत चौतीस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर त्या उत्तराच्या शोधात हा लेख.

सुरुवात झाली २००९ साली, मी निवृत्त झालो त्या वर्षी. शाळेच्या संगणक कक्षातले जुने संगणक भंगारात निघाले होते आणि कळफलकांचा ढीग व्हरांड्यात पडला होता. मी मराठीचा मास्तर. संगणकाशी माझा संबंध प्रश्नपत्रिका टाइप करून आणण्यापुरता, आणि निवृत्तीच्या आधी दोन वर्षं लागलेल्या या ब्लॉगच्या नादापुरता. सहज एक कळफलक उचलून पाहिला. बाकीची अक्षरं ठीक होती, पण बाणाच्या चार कळा अगदी गोट्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. म्हणजे संगणकाच्या तासाला आमची मुलं काय करत होती, याची कळफलकाने सरळ चुगलीच केली! मला हसू आलं. वर्षानुवर्षं पाठमोरा उभा राहून जे कळलं नाही ते हे प्लॅस्टिक सांगत होतं. तो मी घरी आणला.

मग नादच लागला. मार्वे रोडच्या बाजूला एका गल्लीत एक भंगारवाला आहे, त्याची ओळख झाली. लिंक रोडवर माइंडस्पेसच्या बाजूला कचेऱ्या वाढल्या तसा तिथला जुना माल त्याच्याकडे पोत्यांनी यायचा. वीस रुपये, तीस रुपये, फार तर पन्नास. कधी लोकल पकडून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडच्या दुकानांच्या मागच्या बाजूला डोकवायचं. पेन्शनरांना कुठेतरी जायला लागतंच. कुणी जॉगर्स पार्कला जातं, कुणी बँकेत पासबुक भरून घ्यायला.

हळूहळू कळफलक वाचायला शिकलो. नाणी जमवणारा जसा छापावरून राजा ओळखतो तसं याचंही असतं. आधी वायरीचं टोक बघायचं. पाच काड्यांचा मोठा गोल प्लग असेल तर माल जुना. लहान गोल प्लग आला तो आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर, १९८७ साली. चपटा यूएसबी त्याच्या बराच नंतरचा. मग खालची ओळ बघायची. तिथे खिडकीचं चित्र असलेली कळ नसेल तर तो बहुधा १९९५ च्या आधीचा घडा, कारण विंडोज ९५ आल्यावर ती कळ सगळीकडे पसरली. आणि रुपयाचं चिन्ह छापलेलं असेल तर नक्की २०१० नंतरचा, कारण ते चिन्ह सरकारने स्वीकारलं जुलै २०१० मध्ये. ते रेखाटणारे उदय कुमार त्या वेळी आपल्या पवईच्या आयआयटीत संशोधन करत होते, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मालाडचाच मुलगा असल्यासारखं सांगत असतो.

मग आतलं यंत्र. हल्लीचा स्वस्त कळफलक उघडला तर आत रबराची एक चादर निघते, तिच्यावर प्रत्येक कळीखाली एक फुगवटा. कळ दाबली की फुगवटा चेपतो आणि खालच्या प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांवरच्या रेघा एकमेकींना टेकतात. बस. काही वर्षांत रबर थकतं आणि कळ चिखलात पाय टाकल्यासारखी लागते. जुन्या आयबीएमचा कारभार वेगळा. त्यात प्रत्येक कळीखाली एक उभी स्प्रिंग असते. दाबत गेलं की एका क्षणी ती कमरेत वाकते, खालची छोटी हातोडी उलटते, 'टक्' असा आवाज होतो आणि त्याच क्षणी अक्षर उमटतं. बोटाला, कानाला आणि संगणकाला एकदमच कळतं. १९८५ च्या सुमाराचा त्यांचा 'मॉडेल एम' यासाठी जगभर जपला जातो. पण आयबीएमने १९७८ मध्ये भारतातला गाशा गुंडाळला आणि १९९२ मध्ये टाटांबरोबर परत आली. त्यामुळे तो कळफलक आपल्याकडे भंगारात सहसा मिळत नाही. मलाही मिळालेला नाही. एकाने लॅमिंग्टन रोडला दाखवला होता, त्याची किंमत ऐकून मी चहा पिऊन परत आलो.

आपल्याकडचा खरा दणकट गडी म्हणजे टीव्हीएस गोल्ड. बँकेच्या काउंटरवर, तिकीटखिडकीच्या आत, कोर्टाच्या बाहेर टाइप करून देणाऱ्यांकडे तुम्ही त्याचा कडकडाट नक्की ऐकला असेल. आत जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच, एकेकाचं आयुष्य कोट्यवधी ठोक्यांचं. गंमत म्हणजे परदेशात असे कळफलक हौशी लोक भरमसाट पैसे देऊन घ्यायला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून आपला कारकून ते रोज बडवत होता, आणि त्याला ती चैन आहे हे कुणी सांगितलंही नव्हतं.

आणखी एक कळफलक माझ्या मनात आहे, पण संग्रहात नाही. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांत संगणक पोचवण्याची 'क्लास' नावाची योजना काढली. सुरुवातीला अडीचशे शाळा घेतल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो नावाचे इंग्लंडचे संगणक दिले. संगणक आणि कळफलक एकाच पेटीत, आणि वरच्या बाजूला लालभडक कळांची एक रांग. एका शाळेत तो पाहिला होता. खोलीबाहेर चपला काढायला लावल्या होत्या आणि कळ दाबायची परवानगी फक्त हेडमास्तरांना होती! आम्ही मास्तर मंडळी हात मागे बांधून बघत उभे होतो.

असो. इतकं सगळं झाल्यावर मला वाटू लागलं होतं की आता आपल्याला कळफलकांतलं कळतं. विशेषतः मराठी कळफलकांतलं. त्याबद्दल माझं एक ठाम मतही होतं, आणि भेटेल त्याला मी ते ऐकवत असे.

मत असं. मराठी लिहिण्याचे तीन रस्ते. एक जुन्या टंकलेखनयंत्राचा, ज्याला रेमिंग्टन पद्धत म्हणतात. दुसरा इनस्क्रिप्ट. आणि तिसरा आपण सगळे वापरतो तो, इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवण्याचा. यातला इनस्क्रिप्ट म्हणजे शहाण्या माणसांचं काम. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो ठरवला, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेच्या मानकात तो आला. त्यामागचं जिस्ट नावाचं तंत्र कानपूरच्या आयआयटीत जन्मलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्यात मोहन तांबे हे नाव महत्त्वाचं. इनस्क्रिप्टची मांडणी पाहून मराठीच्या मास्तराला भरून येतं. स्वर सगळे डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर, त-थ, द-ध, प-फ, ब-भ सगळे असेच. साधी कळ दाबली तर अल्पप्राण, शिफ्ट धरून दाबली तर महाप्राण. आम्ही फळ्यावर जी वर्णमाला मांडत आलो तीच कुणीतरी बोटांखाली अंथरून ठेवलेली. आणि हीच मांडणी कन्नडला, गुजरातीला, बंगालीला. एक शिकलं की सगळ्यांची दारं उघडी.

त्यापुढे टंकलेखनयंत्राची पद्धत मला अडाणी वाटायची. एका यंत्रावर जेमतेम नव्वद चिन्हांची जागा, त्यात मराठी कोंबायची म्हणून अक्षरांची तोडफोड केलेली. आणि सगळ्यात खटकायची ती पहिली वेलांटी. त्या पद्धतीत 'कि' लिहायचा तर आधी वेलांटी मारायची आणि मग क. आम्ही बालवर्गापासून घोकतो, "क ला पहिली वेलांटी कि". आधी क, मग वेलांटी. इनस्क्रिप्टही तसंच मानतो. म्हणजे टायपिस्ट लोक उभा जन्म उलटं लिहीत आले, असं माझं म्हणणं.

हे म्हणणं गेल्या महिन्यात मोडलं. मोडलं माझ्या थोरल्या बहिणीने.

माई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आता ऐंशी पार केली. कांदिवलीला असते. आवराआवरीला मदत करते म्हणून आली. म्हणजे खुर्चीवर बसून काय टाकायचं ते सांगायला. कळफलकांचा ढीग तिच्यासमोरच होता. मी एकेक दाखवत, माहिती देत बाजूला ठेवत होतो. त्यात एक होता त्याला मी 'खराब' असं लेबल लावून ठेवलं होतं. साधासा, कुठल्यातरी बंद पडलेल्या डीटीपीवाल्याकडून भंगारात आलेला. त्याची 'के' ही कळ पार टक्कल पडल्यासारखी. अक्षर तर गेलंच होतं, पण मधे बोटाच्या आकाराचा खड्डा पडला होता. इंग्रजीत 'के' काही इतका लागत नाही. तेव्हा कळीतच दोष असणार, असा माझा निष्कर्ष.

माईने तो मांडीवर घेतला आणि म्हणाली, "अरे, हा मराठी टायपिस्टचा आहे."

"कशावरून?"

"काना बघ ना कुठे गेलाय."

आणि तिने दोन्ही हातांची बोटं कळांवर ठेवली. बघितलंसुद्धा नाही. उजव्या हाताचं मधलं बोट बरोब्बर त्या खड्ड्यात जाऊन बसलं. जुन्या यंत्रावर काना तिथे असतो. आणि मराठीत काना किती लागतो! तिने मला हिशोब करून दाखवला. तिच्या यंत्रावर भ, ध, ख, ण, ष, श ही अक्षरं पूर्ण नव्हतीच. अर्धं अक्षर मारायचं आणि त्याला काना जोडून पूर्ण करायचं. म्हणजे 'भाषा' हा दोन अक्षरी शब्द लिहायचा तर अर्धा भ, काना, पुन्हा काना, अर्धा ष, काना, पुन्हा काना. सहा ठोके, त्यातले चार एकाच बोटाचे. "दिवसाला पन्नास पत्रं असायची," ती म्हणाली, "हे बोट अजून दुखतं."

मी माझा मुद्दा काढलाच. म्हटलं, माई, ते सगळं ठीक, पण पहिली वेलांटी आधी मारायची हे उलटं नाही का? ती म्हणाली, "तू फळ्यावर 'किती' लिहायचास तेव्हा आधी काय काढायचास? लिही बघू." समोर सामानाची यादी होती, तिच्या मागे मी पेन्सिलने 'किती' लिहिलं. आणि मंडळी, काय सांगू, माझ्या हाताने आधी दांडी ओढली, मग क काढला आणि मग वरून गोल आणून जोडला. तोंडाने "क ला पहिली वेलांटी" म्हणत आणि हाताने आधी वेलांटी काढत मी तीस-पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभा होतो. मला ते कधी दिसलं नाही. कुणा विद्यार्थ्यालाही दिसलं नसावं, किंवा दिसलं असेल तर त्याने भीतीने विचारलं नाही.

मग तिने आणखी एक सांगितलं, त्याने मी जास्तच गप्प झालो. म्हणाली, "तुम्ही लिहिता तेव्हा अक्षर काढून झाल्यावर ठरवता, र्‍हस्व की दीर्घ. आम्हाला ती सोय नव्हती. र्‍हस्व असेल तर वेलांटी आधी मारायची, म्हणजे शब्द सुरू करायच्या आत शुद्धलेखन माहीत पाहिजे. चुकलं तर वरची प्रत आणि खालच्या कार्बनच्या चार प्रती, सगळ्या खोडत बसा. आणि साहेबांच्या मसुद्यात तर सगळ्या वेलांट्या एकसारख्याच असायच्या." म्हणजे साहेबांचं शुद्धलेखन माई सुधारायची. सही साहेबांची.

इथे थोडं घरचं सांगितलं पाहिजे. वडील गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. माई नुकती मॅट्रिक झाली होती. तिला पुढे शिकायचं होतं. त्याऐवजी तिने टायपिंग क्लास लावला, इंग्रजीची आणि मराठीची परीक्षा दिली आणि एका सरकारी कचेरीत लागली. तो काळही तसा होता. १९६० साली राज्य झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, आणि कचेऱ्यांतून मराठी कागद वाढू लागले. ते कागद कुणीतरी टाइप करायला हवे होते. तेव्हा विक्रोळीला गोदरेजची यंत्रं बनत होती. भारतीय बनावटीचं पहिलं टंकलेखनयंत्र गोदरेजने १९५५ मध्ये बाहेर काढलं होतं. माई सांगते, तिच्या कचेरीत देवनागरी गोदरेज आलं त्या दिवशी त्याला हार घातला होता.

त्या यंत्रावरच्या पगारातून माझी फी भरली गेली. मी बी.ए. झालो, मराठी घेऊन, आणि मास्तर झालो. भाषेतलं कळणारा म्हणून घरात आणि चाळीत मान मला. आणि मी वर्गात मुलांना काय सांगायचो? "नुसती टायपिस्टगिरी करू नका, डोकं चालवा." हे वाक्य मी एकदा घरीही बोललो होतो, कुणाच्या तरी मुलाला उपदेश करताना. माई आत पोळ्या लाटत होती. तिने ऐकलं असणार. बोलली काही नाही.

आता माझं आजचं मत सांगतो. मत बदललं म्हणून आधीचं खोडणार नाही, ते वर आहेच.

पहिलं असं, की तीन कळफलक म्हणजे मराठीकडे बघण्याच्या तीन दृष्टी आहेत. टंकलेखनयंत्र मराठीकडे डोळ्याने आणि हाताने बघतं. अक्षर कागदावर दिसतं कसं, आधी काय येतं, दांडी कुठे पडते. इनस्क्रिप्ट कानाने ऐकतो. आधी व्यंजन, मग स्वर, जोडायचं तर मधे हलन्त. दोन्ही मराठीच्या आतून आलेल्या आहेत. एकीला शास्त्रीय आणि दुसरीला अडाणी म्हणणं हा माझा मास्तरी अहंकार होता. तिसरा रस्ता मात्र बाहेरून येतो. त्याच्यावर मी उगाच तोंडसुख घेणार नाही, कारण त्याच्याशिवाय हा ब्लॉग नसता. बरहा, गमभन, मनोगत यांनी दोन हजारच्या दशकात आमच्यासारख्या कित्येकांना लिहितं केलं. कुठलाही क्लास न लावता दुसऱ्या दिवशी मराठी लिहिता येऊ लागलं, हे उपकार विसरण्यासारखे नाहीत. पण आम्ही मराठी आधी शिकलो होतो आणि मग त्या रस्त्याला गेलो. माझा नातू उलट्या बाजूने येतो आहे. परवा त्याने विचारलं, "आजोबा, तो कॅपिटल एन कसा काढायचा?" मला कळेना. म्हटलं, कॅपिटल एन तुला येतो की! तर म्हणाला, "तसा नाही, मराठीतला, पाण्यातला." त्याला ण हवा होता. त्याच्या लेखी ण हा कॅपिटल एन आहे आणि ळ हा कॅपिटल एल. इतकी वर्षं आम्ही ज्याला मूर्धन्य म्हणून जीभ वर वळवून दाखवत आलो, तो वर्ण पोराच्या डोक्यात इंग्रजी अक्षराचा मोठा भाऊ होऊन बसला आहे.

यात एक साधं उदाहरण पाहा. 'दुसऱ्या', 'वऱ्हाड', 'तऱ्हा' यांतला तो अर्धा र. 'आचार्य'मधला रफार वेगळा आणि 'आचाऱ्याने भात केला'मधला वेगळा. मराठीची ही स्वतःची खूण. माईच्या यंत्रावर, नव्वद चिन्हांची मारामार असतानाही, तिच्यासाठी राखून ठेवलेली कळ होती. इनस्क्रिप्टमध्येही शिफ्ट आणि र दाबला की तो विशेष र येतो. पण इंग्रजी अक्षरांतून लिहिणाऱ्याला तो सहज सापडत नाही, मग 'दुसर्या' असं काहीतरी उमटतं आणि लोक तसंच पुढे पाठवतात. दहा वेळा वाचलं की तेच बरोबर वाटायला लागतं.

कुणी म्हणेल, आता बोललं की फोन लिहून घेतो, कळफलक हवाय कुणाला? खरं आहे. नातू तेच करतो. पण फोनने लिहिलेलं चुकलं आहे हे ओळखायला आणि दुरुस्त करायला अक्षरांत हात घालावाच लागतो. साहेब बोलायचे आणि माई लिहायची, तेव्हा शुद्धलेखन माईला येत होतं म्हणून चाललं. उद्या बोलणारेही आपण आणि माईही नाही, असं झालं तर?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मराठी शाळांत सातवी-आठवीला एक सहामाही, आठवड्याला एक तास, इनस्क्रिप्ट शिकवावा. संगणकाचा विषय म्हणून नाही, मराठीच्या तासाला. त्याला वेगळी खरेदी लागत नाही, तो बहुतेक संगणकांत आधीपासून असतोच, फक्त चालू करावा लागतो. वर्णमाला पाठ असलेल्या मुलाला तो किती लवकर येईल हे मी स्वतःवरून सांगतो. पासष्टाव्या वर्षी तीन आठवडे लागले. हा लेख त्यातच लिहिला आहे.

दुसरं मत जमवण्याबद्दल. २०११ साली बातमी आली होती की जगातला शेवटचा टंकलेखनयंत्रांचा कारखाना बंद झाला. ती गोदरेजबद्दल होती. ऑफिसची यंत्रं बनवणं त्यांनी २००९ मध्येच थांबवलं होतं. (जगातला शेवटचा वगैरे काही खरं नव्हतं, इतर ठिकाणी यंत्रं बनतच होती.) मग २०१७ मध्ये आपल्या राज्यात यंत्रावरची शेवटची सरकारी टंकलेखन परीक्षा झाली आणि ती परीक्षा संगणकावर गेली. दोन्ही वेळा लोक हळहळले, यंत्रांचे फोटो छापून आले. यंत्रं काही जणांनी जपलीही. पण त्या यंत्रांवर चाळीस-चाळीस वर्षं बसलेल्या बायकांना आणि पुरुषांना कुणी विचारलं का, की तुम्हाला यातून मराठीबद्दल काय कळलं? मी तर घरात बहीण असून विचारलं नाही. प्लगचा आकार बघून साल सांगत बसलो आणि 'के'वरच्या खड्ड्याला दोष म्हणालो.

वस्तू जमवणारे आपण बहुतेक असेच असतो. न वापरलेली, चकचकीत, खोक्यातली वस्तू आपल्याला मोलाची वाटते. आता मला उलटं वाटतं. कळफलक नवाकोरा असेल तर तो कुणाचाच नाही. झिजला असेल तर कुठे झिजला ते बघावं, आणि ते वाचू शकणारं माणूस हयात आहे तोवर त्याच्याकडून वाचून घ्यावं. ते माणूस गेलं की उरतो तो खराब कळफलक.

चौतीसपैकी पाच ठेवले. शाळेतला बाणांचा एक. कडकडाट करणारा एक टीव्हीएस गोल्ड. एक मोठ्या गोल प्लगचा, खिडकीच्या कळेआधीचा. एक इनस्क्रिप्टची अक्षरं छापलेला. आणि पाचवा तो काना झिजलेला. खालच्या मजल्यावरचा एक मुलगा इंजिनीअरिंगला आहे, त्याने स्विचसाठी सहा नेले. उरलेले ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे दिले. भंगारवाल्याने जास्त पैसे दिले असते, पण त्याच्याकडे पोरं वायरी जाळून तांबं काढतात हे मी पाहिलं आहे. इतकी वर्षं त्याच्याकडून घेताना ते नजरेआड केलं, निदान देताना तरी करायला नको.

पाचव्या कळफलकाबरोबर आता एक कागद आहे. माईला म्हटलं, तुझ्या यंत्राची सगळी मांडणी मला आलेखाच्या वहीत काढून दे. तिने चष्मा लावून सुरुवात केली आणि तिसऱ्याच ओळीला अडली. "आठवत नाही रे आता." मग पेन्सिल खाली ठेवली, दोन्ही हात टेबलावर ठेवले, डोळे मिटले, बोटं हलवली, आणि पुन्हा लिहायला घेतलं. असं तासभर चाललं. दोन चौकोन शेवटपर्यंत रिकामे राहिले. ते मी तसेच ठेवले आहेत, माझ्या अंदाजाने भरले नाहीत. खाली तिचं नाव आणि तारीख घातली. त्यावर म्हणाली, "नाव कशाला? मी काय शोध लावलाय?" आणि मग थोड्या वेळाने, "बरं, घातलंयस तर र्‍हस्व-दीर्घ बघून घाल."

तुमच्याही घरी, नात्यात एखादी आत्या, मावशी, काका असतील ज्यांनी उभी नोकरी मराठी यंत्रावर काढली. त्यांच्यासमोर एखादा कळफलक ठेवून बघा आणि गप्प बसा. काय निघतं ते मला जरूर कळवा. विशेषतः तिसऱ्या ओळीचे ते दोन चौकोन कुणाला आठवत असतील तर.

आता उठतो, टेंपो आला आहे. पुढची नोंद भाड्याच्या घरातून.